मुक्ताबाईंचा तांब्या

"तांब्या खाली ठेव," मुक्ताबाई म्हणाल्या. पण केंद्रात नव्यानेच कामाला लागलेल्या आम्रपालीने तोवर पेला भरून पुढे केला होता.

समोर हुंदके देणारी दिंद्रुडची बाई गटागटा प्याली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "काई न्हाई बाई. ठीकच हाय सगळं." दाराबाहेर उभ्या नवऱ्यामागे निघून गेली. पुन्हा काही आली नाही.

"पान्यासंगं रडं बी गिळलं तिनं," मुक्ताबाई म्हणाल्या. "घरी आलेल्याला आधी पानी, हितं सगळ्यात शेवटी. मागितलं तरी. औरंगाबादच्या कॉलेजात शिकवत न्हाईत का हे?"

"न्हाई शिकवत, बाई."

"मग मी हाय."

बीडात गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे डबे लागले, घरांवर केबलच्या तारा लोंबल्या, तरी त्या कुटुंब सल्ला केंद्रात एक खुर्ची, एक स्टूल, एक तांब्या आणि मुक्ताबाई. जन्मात कुणाला इंडिकेटर न दाखवलेला एक ट्रकवाला म्हणे त्या स्टुलावरून उठून सासूच्या पाया पडला. सासू नको नको म्हणत स्टुलाभोवती पळाली, तरी त्याने सोडलं नाही.

मग मांजरसुंब्याच्या वळणावर त्यांचा मुलगा पवन अपघातात गेला.

जलदानविधी आटोपला तशा मुक्ताबाई खुर्चीत हजर. डोळे कोरडे. आणि आता बाई स्टुलावर टेकून ओठ हलवते न हलवते, तोच त्यांचा पेला पुढे. "पी माय आधी." बाया पीत, ठीकच हाय म्हणत, उठून जात. धारूरची एक पोर, मनगटावर चटक्यांचे डाग, तशीच पाणी पिऊन नवऱ्यामागे गेली. आम्रपालीला दिंद्रुडची बाई आठवली.

संध्याकाळी तिने दाराला कडी लावली. मुक्ताबाईंना हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि तांब्या घेऊन स्वतः खुर्चीत बसली.

"माझी खुर्ची हाय ती. लईच शिकलीस की."

"तुमीच शिकवलं."

मुक्ताबाईंनी पदर सावरला.

"त्या दिवशी पवन हितं आलता," मुक्ताबाई म्हणाल्या. "कायतरी बोलायचं म्हनत होता. मी म्हनले, बाया बसल्यात बाबा, घरी आल्यावर बोलू." त्यांचा आवाज फाटला. "पानी दे गं."

आम्रपाली हलली नाही.

"आमू, पानी दे."

तांब्या तिने दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरला होता. तरी पाणी हिंदकळून तिच्या साडीवर सांडत होतं.