वर-खाली एकच भाव

हल्ली आमच्या जुन्या ऑफिसातली पोरं बटण दाबतात आणि सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या किती टक्के, ते चहा निवायच्या आत सांगतात. सांगू देत बापडी! आम्हाला त्या एका आकड्याला अकरा महिने लागायचे. त्यातली मजा यांना काय डोंबल कळणार?

आमचे प्रमुख म्हणजे टक्केसाहेब. नाव ऐकून बाहेरच्यांना भलताच संशय यायचा, पण माणूस धुतल्या तांदळासारखा. बावीस वर्षांत त्यांच्या अहवालाला एकही शुद्धिपत्र निघालं नव्हतं, आणि त्याचा केवढा तोरा! लांब टेबलाच्या एका टोकाला हँडलचं गणकयंत्र घेऊन ते, दुसऱ्या टोकाला तक्ते घेऊन मी. भागाकाराआधी ते मोठ्यांदा विचारायचे, "वर?" म्हणजे खर्च कुठल्या सालच्या भावातला. मी म्हणायचे, "चालू," म्हणजे यंदाच्याच भावातला. मग "खाली?" म्हणजे देशाचं उत्पन्न. "चालू." तेव्हाच हँडल फिरायचं. वर आजचे भाव आणि खाली दहा वर्षांपूर्वीचे धरले, तर सरकार आहे त्याहून भलतंच खादाड दिसणार ना! दुपारचं ऊन टेबलावर यायचं, शाईचा वास सुटायचा, आणि आम्ही दोघं देवळात आरती म्हणावी तसे "वर? चालू. खाली? चालू." करत बसायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

त्या वर्षी आकडा आला छत्तीस. आदल्या वर्षी सत्तावीस होता. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण नवे दवाखाने, नव्या शाळा बऱ्याच निघाल्या होत्या, म्हणून आम्ही मान डोलावली. अहवाल छापून गेला. वरच्यांचे डोळे पांढरे झाले, आणि महिनाअखेर सगळ्या हंगामी नोकऱ्या बंद करायचा हुकूम सुटला.

माझा दादा सरकारी दवाखान्यात हंगामी कंपाउंडर. घरात आई आणि आम्ही दोघं. संध्याकाळी तो हुकमाचं पत्र रिकाम्या डब्यात घालून घेऊन आला.

"तुमच्या छत्तिसानं माझी वाट लावली बघ," तो हसत म्हणाला, पण जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन तक्ता उघडला. उत्पन्नाच्या रकान्यावर ठसठशीत लिहिलेलं, 'दहा वर्षांपूर्वीच्या भावांनुसार'. त्या दिवशी मथळा न बघताच माझ्या तोंडून सवयीनं "चालू" निघून गेलं होतं. मेली ती सवय!

साहेब आल्याआल्या मी म्हणाले, "साहेब, खालचा तक्ता जुन्या भावातला लागलाय." बस, तेवढंच. "चालू" कोण म्हणालं होतं, ते मी गिळलं.

त्यांनी चष्मा लावला आणि मथळ्यावरून बोट फिरवलं.

"बाई, तुमचा भाऊ त्या काढलेल्यांच्या यादीत आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही बाहेर बसा. उद्या कोणी म्हणायला नको, बहिणीनं भावासाठी आकडा वाकवला."

तीन दिवस मी व्हरांड्यात बसून हँडलची करकर ऐकली. त्यांनी एकट्यानं, तयार तक्त्यांवरून, पहिल्यापासून तीनदा हिशेब केला. एकोणतीस. शुद्धिपत्र निघालं, त्यात लिहिलं होतं, 'कार्यालयप्रमुखाच्या नजरचुकीमुळे'. हंगामी माणसं परत कामावर घेतली. साहेबांची ठरलेली दोन वर्षांची मुदतवाढ मात्र गेली. निरोपाच्या दिवशी ज्यानं त्यानं शुद्धिपत्रावरून कोपरखळ्या मारल्या. त्यांनी यंत्र पुसलं, त्यावर खोळ घातली, "येतो बाई," म्हणाले आणि जिना उतरले. मी नुसती मान हलवली. मला माझीच इतकी लाज वाटत होती, की वर बघवेना.

पुढे मी त्याच खुर्चीवर बसले. एकोणीस वर्षं मथळ्यावर बोट ठेवल्याशिवाय "चालू" म्हटलं नाही आणि कुणाला म्हणू दिलं नाही. पोरं मला खाष्ट म्हणायची. म्हणू देत.

मागच्या महिन्यात दादाला सगळं सांगितलं. त्या नोकरीतून पुढे कायम झालेला, आता पेन्शन खाणारा माणूस, डोळे मिटून ऐकत होता.

"म्हणजे माझी नोकरी घालवलीस तू, आणि परत आणली त्यांनी?"

"हो रे."

"त्यांना कधी सांगितलंस, की चूक तुझी होती?"

"अरे, त्यांना ठाऊकच होतं की! समोर तर बसले होते."

"ते नाही विचारलं मी," दादा डोळे उघडून म्हणाला. "तू सांगितलंस का?"

"नाही," मी म्हणाले. साहेबांना जाऊन चार वर्षं झाली होती.