देशुनची प्लीहा कुठे गेली?

“हात लावून बघा! लाजताय काय?” गुरू तान मासळीबाजाराच्या ओट्यावरून ओरडला आणि अख्खं गाव पुढे सरकलं. चीनच्या दोंगतिंग तळ्याच्या पाण्यातले जंत आमच्याकडे यकृत घट्ट करून माणसं मारतात, त्यामुळे फुगलेली प्लीहा घरोघर ठाऊक. कोळी देशुन सदरा वर करून उभा होता. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या बरगडीखाली हाताला कोहळ्याएवढी गाठ लागायची. आता पोट सपाट!

गुरू म्हणाला, “मी नुसता तळहात फिरवला. प्लीहा विरघळली! प्लेटलेट अठ्ठावीस हजार होत्या, आता तीन लाख. मी नाही म्हणत, दवाखान्याचा कागद म्हणतो!”

मी त्याच दवाखान्यात बावीस वर्षं नर्स. हसणारच होते, पण देशुनचे दात वाजत होते.

“देशुन, ताप आहे का रे?”

“सकाळपासून. गुरुजी म्हणतात, शक्ती चढतेय. दवाखान्याच्या गोळ्या तर परवाच तळ्यात फेकल्या!”

मी त्याच्या बायकोकडे, लानइंगकडे वळले. “वहिनी, याला अजून सांगितलं नाहीत?”

ती पुटपुटली, “सासूबाई म्हणाल्या, प्लीहा म्हणजे ताकदीचं मूळ. काढली हे कळलं तर ते हाय खातील. रक्तवाहिनी बांधली, एवढंच सांगितलंय.”

आजाऱ्यापासून वाईट ते लपवायचं, ही आमची रीत. ऑपरेशन झालं तेव्हा मीही गप्प बसले होते. लाज वाटते सांगायला.

“नर्सबाई, बाजूला व्हा. शक्ती अडतेय,” गुरू गुरगुरला.

“होते. पण आधी त्या गुओकाकांची विरघळवा. पोट केवढं आलंय बघा, आणि अंगावर एक टाका नाही.”

“त्यांनी आधी ऑपरेशन करून यावं. शरीर उघडलं की शक्ती आत शिरते.”

“अगंबाई!” कोळंबीवाली म्हातारी फिसकन हसली. “मग तळहात कशाला हवाय मेल्याचा?”

तेवढ्यात देशुन मटकन खाली बसला. लानइंग किंचाळली, “अहो, डॉक्टरांनी काढलीय ती! मी बरणीत पाहिलीय, या डोळ्यांनी!”

मी भराभर सांगितलं, “फुगलेली प्लीहा प्लेटलेट अडवून ठेवते. ती काढली की त्या वाढतातच, यात कसला चमत्कार? यकृत मात्र तसंच घट्ट आहे. आणि प्लीहा रक्तातले जंतू मारते; ती नसलेल्या माणसाला नुसता तापसुद्धा एका दिवसात नेऊ शकतो, म्हणून तर त्या गोळ्या होत्या. दवाखान्यात न्यायला होडी काढा!”

गुरू कधी सटकला, कळलंच नाही.

होडीत देशुन कुडकुडत बायकोला म्हणाला, “पोट माझं, आणि मलाच माहीत नाही?” ती रडत राहिली.

अकरा दिवस इंजेक्शनं चालली, तेव्हा वाचला. आता मी प्रत्येक रोग्याच्या खाटेवर बसून सांगते, काय काढलं, काय उरलं, ताप आला तर कुठे धावायचं. तुम्हीही आपल्या माणसाला खरं सांगा, बाबांनो. त्याला ते ठाऊक असेल, तर असल्या गुरूंना विकायला काही उरत नाही.

देशुन आजही बाजारात सदरा वर करतो. “हात लावून बघा,” म्हणतो. “आणि प्लीहा कुठे गेली, ते मलाच विचारा.”