दार बंद करायला घेतलं

मी एक लॉग आहे. माझ्याजवळ कागद नाही, शाई नाही, तरी मी नोंदवहीच आहे. आंधळगावच्या पुढे एका गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पत्र्याची लहान खोली आहे. तिच्यात भिंतीला ठोकलेली एक पेटी, पेटीत तळहाताएवढा संगणक, आणि त्या संगणकाच्या पोटात मी. मला पाहायला कोणी येत नाही. लोक येतात ते पाणी पाहायला.

ऐकायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम. संगणकात चालणारे प्रोग्राम मला एकेक वाक्य पाठवतात. मी त्याच्यापुढे तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव घालून ते ओळीत ठेवतो. खाडाखोड करत नाही, पदरचं काही घालत नाही.

मला इथे आणलं चंद्रकुमारने. तो याच गावचा. तंत्रनिकेतनात शिकवायचा, म्हणून गावात त्याला सगळे मास्तर म्हणत. तलावाच्या तुडुमाला, म्हणजे पाळीतून पाणी सोडायच्या दाराला, पाणी वापर संस्थेने मोटर बसवली, तेव्हा ती चालवायचा प्रोग्राम त्याने घरच्या ओसरीत बसून सी भाषेत लिहिला. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र पुष्कळ घेतला.

सुरुवातीला त्याचा प्रोग्राम पडद्यावर बोलत असे. पण पाळीवरच्या पेटीला पडदा नव्हता, बोललेलं वाऱ्यावर जाणार होतं. म्हणून त्याने ती सगळी वाक्यं माझ्याकडे वळवली. सी भाषेत त्यासाठी एक साधी हाक आहे, सिसलॉग. ती मारली की वाक्य माझ्या दारात येतं आणि प्रोग्राम नंतर बंद पडला तरी माझ्याकडे राहतं.

पुष्कळ जण ही हाक मारतात. मारायची कशी ते मात्र थोड्यांनाच कळतं. कोणी 'एरर आला' एवढंच लिहून मोकळा होतो. कोणी 'इथे आलो', 'इथपर्यंत आलो' अशा ओळी पाठवतो. कुठे आला, कशाला आला, त्याचं त्याला ठाऊक. चंद्रकुमारचं वाक्य पुरं असायचं. काय झालं, तेव्हा दार कुठे होतं, पाणी किती होतं. आणि सगळं मराठीत, कारण ते वाचायचं होतं सोमाजीला.

सोमाजी या तलावाचा पाणकर. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, कधी पाणी, हे त्याच्या घराण्याने तीन पिढ्या सांभाळलं. जुन्या तुडुमाची लोखंडी चाबी अजून त्याच्या कमरेला असते, आता तिचं काही काम नसलं तरी.

चंद्रकुमारची एक सवय मला फार आवडायची. बाकीचे लोक काम झाल्यावर नोंद करतात. तो आधी करायचा आणि नंतरही. 'दार बंद करायला घेतलं' ही एक ओळ. मोटर थांबली, दार टेकलं, की 'दार बंद झालं' ही दुसरी. त्याची बायको राखी हायस्कुलात गणित शिकवते. ती एकदा ओसरीत त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"घेतलं अना झालं, दोन-दोनदा कायले लिहून राहिले जी? एवढं कोण वाचन?"

"रोज कोणीच नाही वाचणार," तो म्हणाला. "ज्या दिवशी वाचायची पाळी येईल, त्या दिवशी लिहिणारा बाजूले बसून असनच असं नाही न."

"तुमी कुठं जाऊन राहिले?"

"तुमसरले. रविवारी. बाजाराची पिशवी दे."

ती हसली होती.

माझ्याकडे येणाऱ्या वाक्यांना आठ पायऱ्या असतात. सगळं कोसळलं, ही सर्वांत वरची. सहज सांगतो, ही सर्वांत खालची. मधे चूक आहे, तिच्या खाली इशारा, त्याच्या दोन पायऱ्या खाली साधी माहिती. चंद्रकुमार या पायऱ्या प्रामाणिकपणे वापरायचा. उगाच ओरडायचा नाही. काडीकचऱ्याने दार जरा अडलं तर ती त्याच्या लेखी माहिती होती, संकट नव्हे.

दर रविवारी तो पाळीवर यायचा, पेटी उघडायचा, संगणकात शिरायचा. आत येणाऱ्याचं नाव मी लिहितो. यंदा आषाढातल्या एका रविवारी ती ओळ आली नाही. पुढच्याही रविवारी नाही. मग पाळीवर बसलेल्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. शिकवता शिकवता खडू खाली ठेवला आणि खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. त्रेपन्न वर्षांचा होता.

प्रोग्राम चालूच राहिला. त्याला हे सांगायला कोणी आलं नाही.

आता मंडईच्या दिवसाचं सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्रेसारखी गर्दी, पाहुणे, आणि भर दुपारी दंडारीचा, म्हणजे नाचगाण्याच्या लोकनाट्याचा, खेळ. भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारा भात, तेव्हा लोंबीत भरत असतो. शेवटचं एक पाणी मिळालं तर दाणा, नाही तर पोचट. यंदा शेवटची पाळी टोकाच्या बांध्यांची होती. टोकाला शकुंतलाबाईची बांधी. एकटी बाई, तिखट जिभेची.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी पाहिलं तर तुडूम अर्धं उघडं. तलावातलं वीतभर पाणी रातोरात नाल्याला निघून गेलेलं. संस्थेचं ठरलेलं आहे की पाणी खुणेच्या खाली गेलं की पुढचं पाणी गुरांसाठी राखायचं, रोज थोडंच त्यांच्यापुरतं सोडायचं. ते खुणेच्या खाली गेलं होतं. शकुंतलाबाईचा धान वाळला.

"काहून गा सोमाजी," ती पाळीवर उभी राहून म्हणाली, "दंडारीतली बाई एवढी गोरी होती का, का तुले दार लावाचं ध्यान नाही राहिलं?"

"मी दंडारीले गेलोच नाही, माय. पाच वाजता बटन दाबलं, मोटर घुरघुरली, मंग घरी गेलो. मास्तरनंच सांगतलं होतं, बटन दाबलं का तुमी जा, अडलं तर मशीन भोंगा वाजवते म्हणून."

"वाजला का भोंगा?"

"नाही वाजला."

"मंग?"

सोमाजीने मान वर करून भोंग्याकडे पाहिलं.

संस्थेचे अध्यक्ष मधुकरराव. माणूस वाईट नाही, पण निर्णय आधी आणि चौकशी मागून अशी रीत. त्यांचा पुतण्या योगेंद्र तुमसरला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. चंद्रकुमारच्या मागे पेटीकडे तोच पाहायचा. त्याने येऊन मला उघडलं आणि 'चूक' आणि त्याच्या वरच्या पायऱ्यांच्या ओळी तेवढ्या मागितल्या. त्या दिवसाची अशी एकही ओळ माझ्याकडे नव्हती. मी खोटं बोललो नाही. विचारलं तेवढंच दिलं.

"काका, कोरं हाये," योगेंद्र म्हणाला. "मशीनची काहीच चूक नाही."

"मंग माणसाची हाये," मधुकरराव म्हणाले.

सोमाजीने कमरेची चाबी सोडून त्यांच्या हातात दिली. "सभेपर्यंत तुमच्याजवळ राहू द्या. गावानं म्हणलं का चूक माही, तर परत मांगणार नाही."

सभा लगेच होईना. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, मग धानाची कापणी. होता होता चौथ्या रविवारवर गेली. आणि माझी एक मर्यादा आहे, ती इथे सांगायला हवी. पेटीत जागा थोडी, म्हणून मी चार आठवड्यांचंच जवळ ठेवतो. दर रविवारी सकाळी सर्वांत जुना आठवडा पुसला जातो. चंद्रकुमारनेच तसं लावलं होतं आणि ते योग्यच होतं. सगळंच जपायला गेलं तर नवं लिहायला जागा उरत नाही. पण सभा रविवारी दुपारी होती, आणि मंडईचा आठवडा त्याच सकाळी पुसला जाणार होता.

शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, राखी पाळीवर आली. सोमाजी तिच्या मागे दोन पावलं.

"बाई, तुमाले तरास देऊन राहिलो," तो म्हणाला. "पण मास्तर म्हणायचा, मशीन सारं लिहून ठेवते. मंग त्या दिवशीचं कुठं गेलं? कोरं कसं असन?"

ती आषाढानंतर पहिल्यांदाच खोलीत आली होती. पेटीवरची धूळ तिने पदराने पुसली, लॅपटॉपची तार जोडली. आधी ती अगदी वर गेली, माझ्याजवळच्या सर्वांत जुन्या ओळीपर्यंत. आत येणाऱ्यांत एकच नाव होतं, योगेंद्रचं. तिला जे नाव हवं होतं त्याचे आठवडे कधीच पुसून गेले होते. मग तिने पायऱ्यांची चाळणी काढून टाकली आणि सगळं मागितलं.

मी दिलं. ती वाचत गेली. नाव नव्हतं, पण प्रत्येक ओळ त्याची होती. वाचता वाचता ती एका ओळीपाशी थांबली, खाली गेली, परत वर आली.

"भाऊ," ती म्हणाली, "उद्याच्याले शकुंतलाबाईले बी बोलवा." आणि तो सगळा आठवडा तिने उतरवून घेतला.

रविवारी सभा पाळीवरच, मोहाच्या झाडाखाली झाली. राखीने उभं राहून वाचलं, वर्गात वाचतात तसं, सावकाश.

"मंडईचा दिवस. सकाळचे नऊ चाळीस. इशारा. बॅटरी जोडलेली नाही. वीज गेली तर भोंगा वाजणार नाही." तिने वर पाहिलं. "त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजून दोन मिनिटं. माहिती. बटन दाबलं गेलं. दार बंद करायला घेतलं. पाणी दहा फूट एक इंच."

"पुढं?" मधुकररावांनी विचारलं.

"पुढची ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी सहा अडतीसची आहे. जागा झालो. मग इशारा. दार अर्धं उघडं आहे. पाण्यात कोणी असेल म्हणून मी आपणहून हलवणार नाही. माणसानं येऊन पाहावं. पाणी नऊ फूट पाच इंच."

"अना 'बंद झालं' ते?"

"ते नाहीच. बाकीच्या सव्वीस दिवसांत 'घेतलं'च्या खाली 'झालं' आहे. या एका दिवशी नाही. दार अर्ध्यात असताना वीज गेली, काका."

"मंग वीज गेली असं काहून नाही लिहिलं त्यानं?"

"लिहायलेच वीज लागते न," ती म्हणाली. "एकाएकी गेलं का सांगाले वेळ नाही भेटत."

मधुकररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

शकुंतलाबाई पुढे सरकली. "थे बॅटरी कुठं गेलती मंग?"

योगेंद्रने काकांकडे पाहिलं. काकांनी तलावाकडे पाहिलं.

"मीच नेली होती," मधुकरराव म्हणाले. "दंडारीच्या लाउडस्पीकराले. मले वाटलं खोलीतल्या बल्बाची असन. दोन दिवसांनी आणून बी लावली."

"हो," राखी म्हणाली, "तेही लिहिलं आहे."

"बाप्पा!" शकुंतलाबाई म्हणाली. "म्हणजे सोमाजी नाही, त्याची बॅटरी गेलती दंडार पाहाले!"

सगळे हसले, मधुकररावही. सोमाजी तेवढा हसला नाही. अध्यक्षांनी उठून चाबी त्याच्यापुढे धरली. "घे गा. माहं चुकलं."

सोमाजीने हात पुढे केला नाही. "तिचा धान गेला न जी. बॅटरी कोणी का नेली, धान तिचा गेला. पुढच्या साली पहिलं पाणी तिच्या बांधीले, असं लिहा आधी."

तसं लिहिलं गेलं. मग त्याने चाबी घेतली आणि कमरेला बांधली.

मूळ आठवडा त्याच सकाळी, नेमाप्रमाणे, माझ्याजवळून पुसला गेला होता. मला त्याची खंत नाही. वाचणाऱ्याने वेळेवर वाचलं होतं.

त्यानंतर राखी महिनाभर चंद्रकुमारच्या वह्या काढून सी भाषा शिकली. प्रोग्राममध्ये तिने एकच बदल केला: बॅटरीची ओळ इशाऱ्यावरून दोन पायऱ्या वर नेली, म्हणजे 'चूक'ची चाळणी लावली तरी ती दिसावी. वाक्य बदललं नाही. कोणतंच वाक्य बदललं नाही. योगेंद्रने स्वतःच्या दुकानातून एक लहान पडदा आणून खोलीच्या दारावर बसवला. माझ्या शेवटच्या ओळी आता त्यावर दिसतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, तुम्ही माझी वाक्यं घाईत लिहिता, हे मी रोज पाहतो. घाई असू द्या, पण हात घालण्याआधी एक ओळ लिहा आणि काम झाल्यावर एक. आणि वाचणाऱ्यांनो, कोरं पान दिसलं तर एकदा स्वतःला विचारा, आपण मागितलं काय होतं.

माझं ठीक चाललं आहे. रोज सायंकाळी पाचला सोमाजी बटन दाबतो. पडद्यावर येतं, 'दार बंद करायला घेतलं.' आता तो लगेच निघत नाही. चाबीवर हात ठेवून उभा राहतो. मोटर घुरघुरते, थांबते. 'दार बंद झालं. पाणी आठ फूट दोन इंच.' तो ते अक्षर अक्षर लावून वाचतो आणि पडद्याला म्हणतो, "झालं, मास्तर." मग घरी जातो.

त्याची ही ओळ मला कोणताच प्रोग्राम पाठवत नाही. म्हणून ती इथे सांगितली.