सव्वीस टोपल्या पानं

तीस वर्षं मी पोरांना इंग्रजीतली एकच गोष्ट शिकवली. बाई असेल तर ‘शी’, बाप्या असेल तर ‘ही’. आमच्या सामोअन भाषेत हा तंटाच नाही. एकच शब्द, बाईलाही तोच आणि बाप्यालाही तोच. त्यामुळं आमचं पोर इंग्रजी लिहायला बसलं की आजीला ‘ही’, पाद्रीणबाईला ‘ही’, इंग्लंडच्या राणीलासुद्धा ‘ही’. मी स्वतः कुठल्या कॉलेजात गेलेलो नाही. मिशनच्या पेटीत वाळवीनं अर्धं खाल्लेलं व्याकरणाचं पुस्तक सापडलं, त्यावर शिकलो. असा माणूस शिकूनसवरून आलेल्यांपेक्षा जास्त चावरा असतो. माझा नियम होता, एका चुकीच्या सर्वनामाला एक टोपली पानं. शाळेपुढं नीरफणसाची चार झाडं आहेत आणि त्यांची पानं सुपाएवढी. अंगण कायम लख्ख असायचं. त्याचं श्रेय लोक झाडूला द्यायचे, मी माझ्या अध्यापनाला द्यायचो.

त्या वर्षी आमच्या कुळाचा मताई, म्हणजे कुळाचा प्रमुख, वारला. मताईपदाला नाव असतं, आमचं नाव उलुमासे. ज्याला ते मिळतं त्याचं जन्मनाव मागं पडतं, तो उलुमासेच होतो. आता हे नाव कुणाला द्यायचं हे ठरणार होतं. माझं वय अठ्ठावन्न, आवाज भारदस्त, इंग्रजी तर विचारूच नका. दुसरं आहे कोण, असं मला मनापासून वाटत होतं.

कुळाचा एक गोतावळा ऑकलंडला आहे. त्यांची संमती लागते आणि त्यांच्या पोरांना सामोअन वाचता येत नाही, म्हणून पत्र इंग्रजीत जातं. लिहिणार मीच. तेव्हा मी शहाणपणा केला. बैठकीच्या आदल्या आठवड्यातच पत्र लिहून ठेवलं. ‘उलुमासे’ हे नाव आणि पुढं स्वतःचं गुणगान. तेही तृतीयपुरुषी, म्हणजे फुशारकी वाटू नये. आईचं आजारपण त्यानं चार वर्षं काढलं. वादळानंतर पडलेलं घर त्यानं उभं केलं. कुळातली भांडणं त्यानं मिटवली. लिहिताना माझे डोळे पाणावले होते. इतका भला माणूस आपल्या गावात आहे आणि कुणाला पत्ता नाही.

बैठकीत सगळे घराच्या खांबांना टेकून बसले. मीही बसलो, छाती काढून. लोनिसे आत्या कुळात सगळ्यांत थोरली, तिचा शब्द शेवटचा. तिनं फार वेळ घेतला नाही.

“सत्तेची वाट सेवेतून जाते, हे आपण सगळेच घोकतो,” ती म्हणाली. “त्या वाटेवर मला एकीच्याच पायांचे ठसे दिसतात. नाव तेपोराला.”

तेपोरा माझी थोरली बहीण. ती मागं बसून चटई विणत होती, तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत. आत्या मग माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “मास्तर, पत्र तू लिही. लांबण लावू नकोस, ऑकलंडच्या पोरांना कामं असतात.” सोमवारी आत्याचा जावई तिकडं निघणार होता, पत्र त्याच्या हाती द्यायचं होतं.

मी घरी आलो आणि तयार पत्र बाहेर काढलं. खरं सांगतो, त्याला हात लावायची गरजच नव्हती. त्यात जन्मनाव कुठंच नव्हतं, रीतीप्रमाणं फक्त ‘उलुमासे’. तसंच पाठवलं असतं तर ऑकलंडवाल्यांनी ‘ही’ वाचून मलाच मताई धरलं असतं. त्यांची मलाच संमती आली असती आणि मग इथं घोळ घालायला मी मोकळा. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, की आपल्या भाषेत फरक नाही, म्हाताऱ्याची चूक झाली. आमच्यातली म्हण आहे, बहीण ही भावाच्या डोळ्यातली बाहुली. मी डोळे मिटून विचार करत होतो.

पाकीट चिकटवलं. मग उघडलं. तो मजकूर चुकीच्या सर्वनामांसकट गावाबाहेर जाणार, खाली माझी सही, हे मला सोसेना. बहिणीचं नाव चोरायला मी तयार होतो, पण चुकीचं व्याकरण पाठवायला नाही. माझ्यातल्या हरामखोरापेक्षा माझ्यातला मास्तर कडक निघाला, एवढीच काय ती माझी नीतिमत्ता.

लाल पेन्सिल घेतली आणि एकेक ‘ही’ खोडून वर ‘शी’ लिहीत गेलो. आईचं आजारपण तिनं चार वर्षं काढलं. इथं पेन्सिल थांबली. कारण हे खरं होतं. मी रोज संध्याकाळी दारातून “कशी आहे?” विचारायचो आणि वह्या तपासायला निघून जायचो. आईला कुशीवर वळवायची तेपोरा. पुढचं वाक्य, घर तिनं उभं केलं. तेही खरं. मी खुर्चीवर बसून खांब वाकडा आहे असं सांगत होतो. भांडणं तिनं मिटवली. ती कुणी लावली होती ते पत्रात नव्हतं, आणि मी इथंही लिहीत नाही. पूर्ण पत्रात सत्तावीस दुरुस्त्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेलं काही खरं झालं होतं, आणि त्यासाठी मला फक्त स्वतःला त्यातून बाहेर काढावं लागलं होतं.

नवीन कागद घेऊन उतरवून काढायचं धैर्य नव्हतं, नाही तर पुन्हा बुद्धी फिरायची. तोच लाल झालेला कागद घेऊन तेपोराकडं गेलो आणि खाली बसलो. ती सहावीतून शाळा सोडलेली, मी पुढं शिकावं म्हणून. पण आमच्या शाळेला भिंती नाहीत, नुसते खांब. शेजारच्या छपरात चटया विणता विणता तिनं तीस वर्षं माझा आरडाओरडा ऐकलेला. तिनं एकेका शब्दावर बोट ठेवत पत्र वाचलं. खोडलेलं सगळं दिसत होतं. काय होतं आणि कशासाठी होतं, हे समजायला व्याकरण लागत नव्हतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हातानंच थांबवलं. मग शेवटच्या ओळीवर बोट टेकलं. तिथं लिहिलं होतं, ती फार सुंदर इंग्रजी लिहिते.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “इथं तुझा तो ‘ही’ परत लिही. घरात एवढं एक काम तूच केलंस, ते कशाला माझ्या नावावर?”

मी लिहिलं. ‘ही’ वाकडा आला.

“म्हणजे चुका सव्वीस,” ती पुन्हा विणायला लागली. “मास्तर, तुझी टोपली कुठं असते?”

शनिवारी सकाळी मी शाळेपुढची पानं उचलली. बातमी गावभर झाली होती. पोरं कुंपणावर रांगेनं बसून मोठ्यानं मोजत होती, आणि अकरानंतर मुद्दाम पुन्हा दहावर येत होती. एकाही पोराला रागावलो नाही. तोंडच नव्हतं.

महिन्यानं जावई परतला तेव्हा ऑकलंडची संमती आली. सगळ्यांच्या सह्या होत्या, तेपोरा उलुमासे झाली. सोबत माझं ते लाल झालेलं पत्रही परत आलं होतं. तिकडं जन्मलेल्या कुणा भाच्यानं ते बारकाईनं वाचलं होतं. शेवटच्या ओळीतल्या ‘ही’भोवती निळ्या शाईनं गोल केला होता आणि समासात सभ्यपणे लिहिलं होतं, मामा, इथं ‘शी’ हवं.

ती चिठ्ठी उलुमासेनं भर बैठकीत मला मोठ्यानं वाचायला लावली. मी वाचली. उच्चार एकदम शुद्ध होते.