संगणकातला आत्मा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणी काखोटीला लॅपटॉप मारून आलं होतं, कुणी धूळ खाल्लेला संगणक मांडीवर घेऊन बसलं होतं. समोर मंद संगणक हात लावून बरे करणाऱ्या स्पर्शबाबांनी शिंपीणबाईंच्या संगणकातली डिस्क काढून झोळीत टाकली, यंत्रावर काळी शाल पांघरली आणि शालीखाली दोन्ही हात घालून पुटपुटायला लागले.

"माणूस जातो, पण त्याच्या लहरी डिस्कमध्ये राहतात!" बाबा गरजले. "तुम्ही इंटरनेटचं पान उघडायला सांगता. ते आधी तो वाचतो, मग तुमच्यापुढे येतं. म्हणून उशीर! मी डिस्क नेतो आणि त्याला मोकळं करतो."

शाल दूर झाली. जे पान उघडेपर्यंत चहा निवायचा, ते टिचकीसरशी उघडलं. टाळ्या पडल्या.

"मागे ताईत लावलाय. त्याला हात लावाल तर यंत्र मरेल," बाबांनी बजावलं.

मी वहिनीशेजारी बसले होते. तिच्या मांडीवर दादाचा संगणक होता. दादा अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा. तो गेल्यापासून मला काहीच होत नव्हतं. रडू नाही, राग नाही. शाळेत विज्ञान शिकवत होते, घरी येऊन भांडी घासत होते, बस्स.

"अगं, खरंच हे आत असतील का गं?" वहिनीनं हळूच विचारलं.

तेवढ्यात तिचा नंबर आला. बाबांनी संगणक टेबलावर घेतला, स्क्रू काढायला पेचकस उचलला आणि मी उठले. चीड आली म्हणून नव्हे. दादाचा सगळा आवाज त्या डिस्कमध्ये होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता, एवढंच डोक्यात होतं.

"डिस्क न काढता करून दाखवा."

"बाई, आत्मा बिथरेल!"

"बिथरू दे. माझा भाऊ आहे, मी समजावीन."

मागून कुणीतरी हसलं. मी शिंपीणबाईंना विचारलं, त्यांचं यंत्र बंद केलं आणि मागचा ताईत ओढून काढला. लाल फडकं सोडलं, तर आत साधा पेनड्राइव्ह. तो दादाच्या संगणकाला लावला, यंत्र त्यावरूनच सुरू व्हावं म्हणून एक कळ दाबून धरली. पान झटकन उघडलं.

"डिस्क जागेवर आहे," मी म्हणाले. "म्हणजे तुमच्या हिशेबानं माझा भाऊही आतच आहे. मग आता आधी कोण वाचतंय?"

बाबा म्हणाले, "लहरी... लहरी कधी कधी..."

मी पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा चालू केलं. पान रखडलं. परत लावला. पान पळालं.

"यात लिनक्स आहे," मी वर्गात सांगते तसं सांगितलं. "संगणक चालवणारी हलकी प्रणाली. फुकट मिळते. सोबत हलका ब्राउझर आहे, म्हणजे इंटरनेटची पानं उघडायचं साधन. आमच्या शाळेतली जुनी यंत्रं यावरच चालतात. दादाचा ब्राउझर नव्या, दणकट यंत्रांसाठी केलेला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर पोतं दिलं तर तो दम खात चालणारच. त्यात भूत कुठलं?"

लोकांनी झोळी उपडी केली आणि जो तो आपली डिस्क शोधू लागला. त्या गडबडीत बाबा शाल तिथेच टाकून सटकले. "तरी त्यांच्या हाताला गुण होता हो," एक आजोबा म्हणालेच.

घरी येऊन आधी दादाच्या आवाजाच्या प्रती काढल्या. मग लिनक्स घातलं आणि तीन ब्राउझर उतरवून घेतले.

"यातला सगळ्यात चांगला कुठला?" वहिनीनं विचारलं.

"तुला काय काय लागतं?"

"पेन्शनचं पान. बातम्या. आणि व्हिडिओ कॉलवर लेकीचा चेहरा दिसायला हवा."

सगळ्यात हलका ब्राउझर विजेसारखा उघडला. बातम्या दिसल्या, पेन्शनचं पान मात्र कोरं. दुसऱ्यात तेही उघडलं, पण लेकीचा व्हिडिओ काही दिसेना. तिसरा जरा सावकाश उघडला, पण त्यात सगळं चाललं. त्याला नव्या सुधारणाही वेळच्या वेळी मिळत होत्या, तेही मी तपासून घेतलं. वहिनीनं तो ठेवला.

"म्हणजे हे आत नव्हतेच," ती म्हणाली.

"नव्हता गं."

"मला वाटत होतं, उशीर होतोय तोवर बरंय, हे आहेत."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हाही मला रडू आलं नाही. तिला आलं.

दुःखात माणसाला काहीही खरं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या दुःखावर कुणी शाल पांघरून पुटपुटू लागला, तर ती शाल उचला. खाली काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एकदा लावून बघा, एकदा काढून बघा. गेलेलं माणूस त्यानं परत येत नाही. पण त्याचा जो आवाज मागे उरलाय, तो तरी चोराच्या झोळीत जात नाही.