झिंग्यांची मच्छरदानी

कमरेइतक्या पाण्यात शिरून गंगानं पहिलं जाळं उपटलं ते नवऱ्याचंच.

काठावर डोंगा ओढणारा सुखराम ओरडला, "ए गंगा, येडी झाली का वं? मनिरामचं जाळं होय थे!"

"ठावं हाये मले. मीच शिवलं."

खरंच, तिनंच शिवलं होतं. उन्हाळ्यात दवाखान्याची गाडी नवेगाव बांधच्या ढिवरटोलीत, मासेमारांच्या वस्तीत, आली आणि घरोघर औषध लावलेल्या मच्छरदान्या वाटून गेली. हिवतापानं टोली दर पावसाळ्यात फणफणायची, म्हणून. पण ढिवराला जाळी दिसली की आधी मासेच दिसणार! इतकी बारीक वीण बाजारच्या जाळ्याला कुठली? झिंग्याचं पिल्लूही सुटत नव्हतं. बघता बघता टोलीतल्या मच्छरदान्या बांधाच्या तळ्यात उतरल्या. नर्सबाई विचारायला आली की बाया पदर सावरून सांगायच्या, "टांगतो ना बाई, रोज टांगतो." गंगानं तर आपल्या जुन्या लुगड्याची किनार लावून दिली होती, जाळं फाटू नये म्हणून.

आणि झिंगे तरी कोणासाठी? लेकीसाठी, भूमिकासाठी. एवढीशी पोट्टी, पण झिंग्यांच्या रश्श्याशिवाय भाताला हात लावायची नाही. मनिराम पहाटेच जाळं झटकून यायचा. तिला जेवताना पाहिलं की त्याचंही पोट भरायचं.

भादव्यात तिला थंडी वाजून ताप आला. उद्या नेऊ, उद्या नेऊ म्हणता ताप डोक्यात गेला. गोंदियाच्या डॉक्टरनं एवढंच विचारलं, "घरात मच्छरदानी नव्हती का?" पोर परत आली ती बापाच्या मांडीवर, गार होऊन.

काल तेरवी झाली. रिवाजाप्रमाणे गंगा पोरीची गोधडी बांधात सोडायला आली, तेव्हा तिला खुंटांना ताणलेल्या मच्छरदान्या दिसल्या. आपण तर मेलेल्या पोरीचं पांघरूण सोडतो आहोत, टोलीनं जित्या लेकरांचंच सोडून दिलंय. रात्रभर ती बसून राहिली आणि उजाडताच पाण्यात शिरली.

आता ती सुखरामच्या जाळ्याकडे वळली. सुखराम बांबू घेऊन धावला.

"हात लावजो नको! मंग आमी खावाचं काय?"

"मोठ्या जाळ्यानं मोठे मासे धर. याच्याखाली तुहे नातू निजव."

"तुही पोट्टी मेली म्हनून साऱ्या टोलीले उपाशी मारतं का?"

काठावरच्या बाया चरकल्या. गंगाचे गाठ सोडणारे हात थांबले नाहीत. तेवढ्यात मनिराम पाण्यात उतरला. तो सुखरामच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"मार मले, सुखराम. पन तिले काढू दे. माह्या पोरीले मी झिंगे चारले गा, झिंगे."

आणि तो एवढा बाप्या माणूस पाण्यात उभा राहून ढसाढसा रडला. सुखरामनं बांबू खाली टाकला. मग आपल्या जाळ्याची दुसरी गाठ त्यानं स्वतःच सोडली.

दुपारी बांधाच्या पाळीवर साऱ्या मच्छरदान्या धुऊन वाळत पडल्या. माशांचा वास काही जाईना. गंगानं आपली, किनारीवाली, ठिगळ लावून घेतली आणि शेजारच्या रीताकडे गेली. रीताच्या नवऱ्यानं मासे धरून धरून त्यांच्या मच्छरदानीच्या पार चिंध्या करून ठेवल्या होत्या, आणि खाटेवर तान्हं निजलं होतं.

रीता दोन पावलं मागं सरली. "काकी, रागावजो नको. पन मेलेल्या लेकराची वस्तू तान्ह्यावर कशी टाकू वं?"

"तिची नोहोय थे," गंगा म्हणाली. "तिच्यावर एक रात बी नाई टांगली आमी."

रीतानं एक टोक धरलं. दुसरं गंगाच्या हातात होतं. ते तिच्यानं लवकर सोडवेना.