माइकवर शालिग्राम आबा

"जीभ मागे वळवा, आबा. टाळूला लावा. आता म्हणा, जळगाव."

"जयगाव."

पुण्याला बसलेल्या सारिकाने फोनपलीकडे कपाळाला हात लावला असणार, हे शालिग्राम आबांना पारोळ्यात बसून दिसलं.

गावातलं कुठलंही लग्न असो, माइक आबांच्याच हातात. कुणाच्या मामाला टोपी, कुणाच्या काकाला उपरणं. सगळी नावं तोंडपाठ, आवाज खणखणीत. आता मात्र लेकीचंच लग्न आणि सोयरे पुण्याचे. कॉलेजात सारिका पहिल्यांदा शाळेला 'शाया' म्हणाली तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. बापाला तसं कुणी हसू नये, एवढंच तिचं म्हणणं. "नाहीतर निवेदक भाड्याने आणू," असंही ती म्हणाली, आणि ते आबांना फार लागलं.

खरं तर जिभेचा काय दोष? वळशाची वाट सोडून माणसं बांधावरून सरळ जातात आणि चार पिढ्यांनी तीच वाट होते. खानदेशी जिभेनेही मागे वळायचे कष्ट असेच कधीतरी सोडले आणि ळचा य झाला.

पण आबा हट्टी. दाढी करताना, म्हशीला पाणी पाजताना ते घोकत राहिले. शेवटी ळ आला. असा आला की जायचं नाव घेईना.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. आबांनी माइकवर फुंकर मारली.

"आलेल्या सर्व सोळरे मंडळींचं स्वागत! पुण्याचे आमचे व्याही, श्री. जळवंतराव..."

व्याह्यांचं नाव जयवंतराव. पुण्याच्या रांगेत आधी खुसखुस झाली, मग चांगलंच हसू फुटलं. घरच्यांनी माना खाली घातल्या. उभ्या आयुष्यात माइकवर न अडलेले आबा लेकीच्या मांडवात अडले. त्यांनी माइक खुर्चीवर ठेवून दिला.

शालू सावरत सारिका स्टेजवरून उतरली. तिने माइक उचलला आणि बंद न करताच बापापुढे धरला.

"आबा, बठ्ठा थांबेल शेतस. जयगावना मामा कवयना उभा शेतस. बलावा त्यास्ले."

सगळे थांबलेत, मामा केव्हाचे उभे आहेत, बोलवा त्यांना, हे तिचं अहिराणी सगळ्या मांडवाने ऐकलं. पुण्याला गेल्यापासून 'जयगाव' हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. आबांनी माइक घेतला आणि ते व्याह्यांकडे वळले.

"जयवंतराव, माफी करा. आज मी दुसरानी जीभ लई उनथू."

दुसऱ्याची जीभ घेऊन आल्याची ती कबुली ऐकून जयवंतरावांनी हसून हात जोडले. आबांनी घसा खाकरला.

"जयगावना मामा, पुढे या!"

मामा मागच्या रांगेतून निघाले. अशी हाक त्यांना कितीतरी लग्नांत आली होती. आज मात्र भाचीकडे बघत, ते जरा जास्तच ताठ चालत आले.